डोंगराची मागची बाजू

“मागची बाजू कुठंय?” धोंगडेकाकांनी विचारलं.

मी रंगाचे हात फडक्याला पुसत उभा होतो. समोर टेबलावर माझा डोंगर होता. आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, तिच्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेलं गोणपाट, त्यावर खिळ्यानं कोरलेले काळ्या कातळाचे थर आणि कातळाच्या फटीफटींतून हिरवा, पिवळा, करपलेला रंग दिलेला लाकडाचा भुसा. तुळशीच्या वाळक्या काड्यांना घोसाळ्याची जाळी चिकटवून झाडं केली होती. बोगद्याच्या तोंडाशी दगडी कमान होती आणि कमानीवर कोळशाच्या इंजिनांच्या काळातला धुराचा डागसुद्धा मी सोडला नव्हता. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, हा आपला इगतपुरीचा घाट. म्हणत होतेच. काकांचे रेल्वेतले जुने सोबती दारातून डोकावून वाहवा करून गेले होते.

“मागं भिंत आहे, काका,” मी म्हणालो. “तिकडून कोण बघणार?”

“मी बघतो.”

टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढी फट होती आणि तिथं एक लाकडी स्टूल होतं. विजेचं बटण त्या भिंतीवर, म्हणून काका तिथं बसून गाडी चालवतात असं मी धरून चाललो होतो. काकांनी मला आत जायची खूण केली. मी अंग चोरत शिरलो आणि स्टुलावर बसलो.

“दाब बटण.”

गाडी निघाली. पुढच्या अंगाला ती चढ चढताना मला फक्त ऐकू येत होती. मग वळून ती माझ्यासमोर आली आणि मला दिसलं ते असं: गोणपाटाची लोंबणारी टोकं, जाळीच्या कापलेल्या तारा, लाकडी ठोकळ्यांचे टेकू आणि त्यांवर चिकटलेला वर्तमानपत्राचा तुकडा. त्या सगळ्या पसाऱ्यातून गाडी ठेचाळत गेली आणि बोगद्यात शिरली.

“एवढाच दिसतो मला तुझा डोंगर,” काका म्हणाले.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या हिवाळ्यातली. मी, विश्राम तोडणकर, मूळचा मालवणचा, तेव्हा नाशकात नाटकांची नेपथ्यं करायचो. हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला माहीतही होतं. राज्य नाट्यस्पर्धेतल्या एका नाटकात मी उभी केलेली भिंत हातानं ढकलून बघत एका मुलीनं विचारलं होतं, “मी हिला टेकून रडणार आहे. पडणार नाही ना?” ती कुमुद धोंगडे. शाळेत शिकवायची आणि हौसेनं नाटकात काम करायची. भिंत पडली नाही. स्पर्धा संपेपर्यंत आमचं दोघांचं ठरलं होतं.

“पण बाबांकडे लग्नाचं आधी काढू नकोस,” ती म्हणाली होती. “आधी त्यांचा डोंगर कर.”

तिचे वडील एकनाथ धोंगडे नुकतेच रेल्वेतून निवृत्त झाले होते. ते बँकरवर ड्रायव्हर होते. घाट चढताना गाडीला मागून रेटा द्यायला जे इंजिन लावतात ते बँकर. कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला लागायचं, ढकलत ढकलत इगतपुरीपर्यंत आणायचं, तिथं सुटायचं आणि रिकाम्यानं परत खाली. काकांची सगळी नोकरी अशी गेली. मुंबईहून निघालेल्या हजारो गाड्या त्यांनी वर चढवल्या आणि त्यांतली एकही कुठं पोचलेली पाहिली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी इगतपुरीतल्या घरी पुढच्या खोलीत मोठं टेबल ठोकलं, जहाजावर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्याकडून परदेशी खेळण्यातले रूळ आणि डबे मागवले, आणि इंजिनाला पत्र्याचं नवं अंग चढवून त्याचा खेकडा केला. लांब नाकाच्या त्या जुन्या इंजिनाला घाटातले लोक खेकडाच म्हणत. फक्त सगळं टेबल बोडकं होतं. डोंगर करायला त्यांना माणूस हवा होता आणि कुमुदनं मला आणून उभं केलं होतं.

तर असा मी स्टुलावर बसलो होतो आणि मला राग आला होता.

“नाटकात असंच असतं, काका. प्रेक्षक पुढं बसतो. पाठीमागं बांबू नि सुतळीच असते.”

“हे नाटक आहे का?”

“नाही. पण मागं हवंय तरी काय तुम्हाला?”

काकांनी वाकून टेबलाच्या मागच्या मोकळ्या फळीवर तळहात ठेवला. “बोगद्याच्या अलीकडं लाइनीला वळण आहे. तिथून खाली उतार. उतारावर भातखाचरं, पायऱ्यापायऱ्यांची. त्यांच्या खाली वाडी. थोडकी घरं आहेत. एक उंबर आहे मोठा.”

“मी त्या घाटातून किती वेळा गेलोय. मला कधी वाडी दिसली नाही.”

“पळत्या गाडीतून नाहीच दिसायची, झाडीआड जाते. गाडी थांबली तर दिसते. आणि तिथं सिग्नल मिळाला नाही की गाडी थांबते ती अशी, की सगळे पॅसेंजर बोगद्यात नि माझं इंजिन तेवढं बाहेर.” ते सरळ झाले. “जा, बघून ये. मनानं करू नको.”

“दाखवणार कोण?”

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. “ही दाखवेल.”

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता तो थांबला. सुमनकाकू, कुमुदची आई, दारात आल्या. शांत बाई होत्या. मी येत होतो तेव्हापासून त्यांनी मला दोन वेळचं जेवायला वाढलं होतं, पण ‘आणखी घे’ याच्या पलीकडे त्या कधी बोलल्या नव्हत्या. आणि टेबलाच्या खोलीत तर मी त्यांना पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं.

“मी कशाला?” त्या म्हणाल्या. “तुम्हीच न्या.”

“माझे गुडघे उतरायचे नाहीत.”

“मग राहू द्या. भिंत आहे ना तिथं? भिंतच राहू द्या.”

त्या आत गेल्या. तांदूळ निवडत बसलेल्या कुमुदनं मान वर केली नाही. काकांनी खिशातून बिडी काढली आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला एवढंच कळलं की या घरात काहीतरी जुनं भांडण आहे आणि माझा डोंगर नेमका त्याच्यावर येऊन बसलाय.

संध्याकाळी कुमुद मला स्टेशनवर पोचवायला आली.

“ती वाडी कुठली आहे?” मी विचारलं.

“जाऊन बघ. आई नेईल.”

“त्या नाही म्हणाल्या. तू ऐकलंस.”

“ऐकलं.” पॅसेंजर येत होती. कुमुदनं माझ्या शर्टाच्या बाहीवरचा भुसा झटकला. “पुढच्या रविवारी लवकर ये,” ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी पोचलो तेव्हा काकू बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर एक गाठोडं होतं.

“चल,” त्या म्हणाल्या. “ऊन चढायच्या आत उतरू.”

रेल्वेची वस्ती संपली आणि पायवाट लागली तशा काकूंनी चपला काढून गाठोड्यात घातल्या. त्यानंतर त्यांच्या मागं चालताना माझी जी त्रेधा उडाली ती आठवून मला आजही हसू येतं. घरात भिंतीच्या कडेकडेनं वावरणारी ही बाई उतारावरून अशी निघाली, की तिच्या पदराचं टोक नजरेत ठेवणं हेच मला काम होऊन बसलं. मी दोनदा घसरलो.

“पाय आडवा टाक,” त्या मागं न बघता म्हणाल्या. “टाच रोव. हां, असा.”

कारवीच्या रानातून आम्ही रुळांपाशी निघालो. डावीकडे बोगद्याचं तोंड होतं. कमान माझ्या कमानीपेक्षा बुटकी होती, हे मी मनाशी नोंदवून ठेवलं. काकू रुळाच्या कडेला थांबल्या.

“इथं थांबायचं ह्यांचं इंजिन.”

“काकांचं?”

“आम्ही सरपणाच्या मोळ्या घेऊन इथनंच चढायचो. उन्हाळ्यात करवंदांचे द्रोण असायचे. इंजिनवाले वरनंच हात खाली करायचे, द्रोण घ्यायचे. हे खाली उतरून घ्यायचे.”

“आम्ही म्हणजे कोण, काकू?”

पण त्या रूळ ओलांडून पलीकडच्या उताराला लागल्या होत्या.

वाडी खरंच झाडीआड होती. कापणी होऊन गेलेली खाचरं, त्यांत भाताचे पिवळे खुंट, खाली उंबर आणि उंबराच्या सावलीला थोडी घरं. कुत्री भुंकत अंगावर आली. अंगणात एक म्हातारा काठीनं नागली झोडपत होता. तो थांबला. कपाळावर हात धरून बघत राहिला आणि मग काठी टाकून त्यानं हाक मारली.

“सोमे?”

काकू उभ्याच राहिल्या.

“अगं, सोमी आली! बाहेर या गं, सोमी आली!”

घराघरातून बाया आल्या. एका म्हातारीनं काकूंच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्यांचं तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवलं. “म्हातारी तुझं नाव घेत गेली गं,” ती म्हणत होती. “तुझंच नाव घेत गेली.” मी काकूंच्या हातून पडलेलं गाठोडं उचलून अंगणाच्या कडेला उभा होतो.

बऱ्याच वेळानं त्या माझ्याकडे आल्या. डोळे पुसलेले होते आणि आवाज सरळ होता.

“कळलं ना आता? सुमन हे नाव सासरचं. मी सोमी आगिवले. आम्ही ठाकर. हा माझा भाऊ, काळू. लग्न केलं म्हणून ह्यांच्या घरच्यांनी ह्यांना तोडलं, ते जाऊ दे. कुमुदला सिन्नरचं स्थळ आलं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. त्यांना कुठनं तरी कळलं, पुन्हा उंबऱ्याला आले नाहीत. तेव्हा मी ठरवलं, पोरीचं लग्न होईस्तोवर इकडं यायचं नाही आणि इकडचं नाव काढायचं नाही. माझी आई गेली तेव्हासुद्धा मी आले नाही. आज आले ती पोरीच्या हट्टापायी.”

“आणि काका?”

“ह्यांना ते सोसलं नाही. भांडले, बोलायचे थांबले, आणि मग ते टेबल ठोकलं. मला वाटलं, खेळतायत तर खेळू दे.” त्यांनी चढाकडे बघितलं. “कुमुदवर चिडू नको. तुला सांगायचं नाही अशी मी तिला शपथ घातली होती. आता तू बघ. ती वरच्या अंगाची वाट सरळ स्टेशनाला जाते. तू गेलास तर तुला कुणी नाव ठेवणार नाही. मी तर नाहीच.”

मी काही संत नव्हतो. पहिल्यांदा मला कुमुदचा रागच आला. मग मालवणची माझी आई डोळ्यांसमोर आली. कुणाच्या घरी पाणी प्यायचं आणि कुणाच्या नाही याचा तिचा हिशेब पक्का होता. पण काकू माझ्यासमोर अनवाणी उभ्या होत्या, पाठीमागं सगळी वाडी बघत होती, आणि मी आत्ता काय बोलतो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती. मी खिशात हात घातला आणि टेप काढला.

“मी मापं घ्यायला आलोय, काकू,” मी म्हणालो. “दार किती उंचीचं आहे?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “वाकून जावं लागतं.”

“वाकून म्हणजे किती? हे टोक धरा जरा खाली.”

त्या खाली बसल्या आणि त्यांनी टेपाचं टोक उंबऱ्यावर दाबून धरलं. टोक एकदा निसटलं, म्हणून पहिलं माप चुकलं आणि आम्ही ते पुन्हा घेतलं.

“घर इकत घ्यायला आनला का गं ह्याला?” काळूमामांनी विचारलं आणि बाया हसल्या.

मग मी थांबेना. ओटा, छपराचा उतार, पडवीचे खांब, उंबराचा घेर, सगळं मोजलं. कारवीच्या काठ्या उभ्या रोवून त्यांवर माती नि शेण कसं लिंपतात ते काळूमामांनी एका पडक्या कुडाची खपली काढून दाखवलं. नागलीची भाकरी आणि वालाचं कालवण खाल्लं. निघताना त्यांनी मला भाताचा पेंढा मूठभर दिला. “छपराला लाव,” म्हणाले. “दुसरं कायबी लावू नको.”

घाट परत चढताना काकू हळू चालल्या.

त्यानंतरचे रविवार मी टेबलाच्या मागच्या बाजूला घालवले. टेबल ओढून खोलीच्या मध्यावर घेतलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची खाचरं केली, केरसुणीच्या काड्यांचा कूड केला, त्याला खरी माती चाळून लावली. पेंढा ब्लेडनं चिरून चिरून छपरं शाकारली. बोगद्याची कमान फोडून बुटकी केली. मी आजवर पुष्कळ कामं केली, मुंबईच्या मोठ्या रंगमंचांवरही केली, पण त्या चार बोटांच्या घरांइतकं चोख काम माझ्या हातून क्वचितच झालं.

आणि काकू खोलीत येऊ लागल्या. आधी दारातून बघायच्या. मग एकदा ओल्या हातानंच आत आल्या.

“ओटा ह्या अंगाला नाही. पलीकडं. सकाळचं ऊन यायचं ओट्यावर.”

मी ओटा उपटला आणि पलीकडे बसवला.

“आणि उंबर एवढा ताठ करू नको. एक फांदी पार खाली आली होती. पोरं लोंबकळायची.”

काका बाहेर पायरीवर वर्तमानपत्र उघडून बसलेले असायचे. पान उलटल्याचा आवाज काही यायचा नाही.

काम संपलं त्या दिवशी काकांनी भिंतीवरच्या बटणापाशी स्टूल ठेवलं आणि काकूंना बसवलं. “दाब बटण,” म्हणाले. गाडी चढ चढून वळणावर आली. काकूंनी बटण बंद केलं, पण गाडी थोडी पुढं गेली होती. खेकडाही अर्धा बोगद्यात शिरला होता.

“मागं घ्या,” काकू म्हणाल्या. “अजून जरा. हां. इथं.”

काकांनी इंजिन बोटानं मागं सारलं. दोघं त्याच्याकडे बघत राहिले. मी आणि कुमुद चहा करायला म्हणून आत गेलो आणि बराच वेळ चहा केलाच नाही.

जानेवारीत मालवणहून माझी आई आणि भाऊमामा आले. मुलगी शिक्षिका आहे आणि वडील रेल्वेत होते, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. बाकीचं तिथं गेल्यावर बोलू असं मी ठरवलं होतं. आपल्याला जमेल याची मला खात्री होती. तेव्हा मला सगळ्याचीच खात्री असायची.

आम्ही घरात शिरलो आणि मी जागीच थबकलो. टेबल भिंतीला चिकटवून लावलं होतं. घाट, कातळ, कमान, झाडं सगळं आमच्याकडे तोंड करून होतं आणि वाडी भिंतीकडे गेली होती. फटसुद्धा ठेवली नव्हती. काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसले होते आणि स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली.

आई आणि भाऊमामा टेकले. भाऊमामांनी डोंगराची तारीफ सुरू केली. मी स्वयंपाकघरात गेलो.

“टेबल कुणी सरकवलं?”

“मी,” काकू म्हणाल्या. त्या ठेवणीतली साडी नेसून बशीत पोहे काढत होत्या. “एकदा ठरू दे. नंतर हवं तर भर चौकात मांड.”

“काकू, मी आईला आज सांगणारच आहे.”

“आज नको. मी पाया पडते तुझ्या. पुन्हा तेच व्हायला नको.”

मी काय बोलणार होतो देव जाणे. त्याआधी कुमुदनं हातातला डबा खाली ठेवला.

“विश्राम, चल. एक बाजू मी धरते.”

“कुमुद!”

“आई, तू शपथ घातलीस, मी पाळली. आजीला शेवटचं बघायला गेले नाही. आता पुरे.”

आम्ही दोघं बाहेर आलो आणि टेबलाला भिडलो. टेबल जड होतं. फरशीवर पायांचा असा कर्कश आवाज झाला की आईनं कानांवर हात ठेवले. डोंगर हादरला, दोन झाडं निखळून पडली. काका उठले, त्यांनी तिसरा कोपरा धरला, आणि टेबल फिरलं.

“अरे, हे काय चाललंय?” भाऊमामा म्हणाले. “चांगला होता की डोंगर.”

“दोन्ही बाजूंनी बघा,” मी म्हणालो.

आईनं चष्मा लावला आणि ती वाकली. तिची बघायची रीत मला माहीत होती. बाजारात मासळी बघावी तशी ती प्रत्येक गोष्ट निरखून बघायची. खाचरांवरून तिची नजर उतरत उतरत घरांशी आली. उंबराखालच्या घरावर तिनं बोट ठेवलं.

“ह्यां घर कोणाचां रे?”

मी तोंड उघडलं, काकांनीही उघडलं. पण आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला.

“माझं.”

काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

“माझ्या आईबापाचं घर आहे ते. मी ठाकराची मुलगी. सोमी माझं नाव. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.”

भाऊमामांनी घसा खाकरला आणि ते उठून उभे राहिले. “आक्का, जरा भायर ये बघू.”

आई उठली नाही. ती तशीच वाकून होती, बोट घराच्या दाराशी होतं. कुमुदनं माझा हात धरला.

“दार इतक्यां लहान?” आईनं विचारलं.

“वाऱ्यामुळं,” काकू म्हणाल्या. “घाटातला वारा लई. मोठं दार ठेवलं तर चूल पेटत नाही.”

“आमच्याकडेय तसांच. दर्यावरचो वारो.” आईनं मान आणखी वाकडी करून घरामागं बघितलं. “आणि पानी? पानी खंयसून हाडतास?”

काकूंनी ट्रे खुर्चीवर ठेवला. त्या टेबलाला वळसा घालून आईच्या शेजारी आल्या आणि खाचरांच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं.

“इथं खाली झरा आहे. माघापर्यंत पुरतो. तो आटला की मग पार लाइनीच्या पलीकडं जायचं.”

“ह्यो चढ चढान?”

“हां.”

“डोक्यार?”

“डोक्यावर दोन आणि कमरेवर एक. मी लहान होते तेव्हा एकच.”

आईनं चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

“मेल्या, एवढां सगळां केलंस. झाडां केलंस, दगड केलंस. आणि बायकांची पान्याची वाट केलंस नाय?”

मी ओटा मोजला होता, उंबर मोजला होता. वाडीत मी पोटभर पाणी प्यायलो होतो आणि ते कुठून आलं हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“माझ्यापण ध्यानात नाही आलं,” काकू म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं.

“आक्का,” भाऊमामा दारातून म्हणाले, “मी काय म्हणतंय…”

“तू बस रे जरा,” आई म्हणाली. तिनं ट्रेमधला कप उचलला, बशीत ओतला आणि एका दमात प्यायली. मग तोंड वाकडं केलं.

“थंड झाली. दुसरी करा, विहीणबाय. आणि ह्या खेपेक साखर जरा कमी घाला.”

भाऊमामा परत येऊन खाली बसले.